टाके, टँक, टँकर : प्रस्तावना

इंग्रजी भाषेत ‘टँक’ हा शब्द येऊन चारशे वर्षे उलटली. त्यातली पहिली तीनशे वर्षे तो पाण्याशीच बांधलेला होता. तळे, हौद, साठवणीची जागा एवढाच त्याचा पसारा. मग सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर पोलादी पट्ट्यांवर सरकणारी अवजड यंत्रे पहिल्यांदा लढाईत उतरली, आणि तेव्हापासून जगातल्या अनेक भाषांत हा शब्द ऐकला की पाण्याआधी तोफ डोळ्यांपुढे येते. मराठीने त्या यंत्राला ‘रणगाडा’ हे स्वतःचे, नेमके नाव दिले. तरी टँक आपल्याकडून गेला नाही. तो टँकर होऊन गावोगाव फिरतो आहे.

हे पुस्तक या एका शब्दाबद्दल आहे आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यात बसून लिहिले आहे. जागा निवडण्याला कारण आहे. कालपरवापर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात त्या शब्दाचे सगळे अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर कातळात कोरलेली टाकी आहेत. नगर शहराला लागून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे उन्हाळा तापला की टँकरच्या खेपा मोजल्या जातात. इंग्रजी कोशात ज्या अर्थांना एक, दोन, तीन असे आकडे देऊन एकाखाली एक मांडले जाते, ते अर्थ इथे एसटीने एका दिवसात पाहता येतात. कोशातली नोंद जमिनीवर पडताळून पाहायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सुरुवात कोशापासूनच करू. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली लंडनमध्ये निघाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारले होते. यूल यांनी काम पुरे केले. कोशाचे नाव मोहरमवरून आलेले आहे: ‘या हसन, या हुसेन’ हा घोष गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडला आणि त्यांच्या तोंडी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. ज्या शहरात बारा इमाम कोठल्याची मोहरमची परंपरा निजामशाहीपासून चालत आली आहे, त्या शहरातल्या वाचकाला हा कोश परका वाटू नये. या कोशात टँक शब्दाची नोंद लांब आहे आणि तिथे यूल यांच्यासारखा जाणता माणूसही थबकला आहे. हा शब्द दोन घरांत जन्मलेला दिसतो, एक घर हिंदुस्थानातले आणि दुसरे युरोपातले, असे त्यांचे म्हणणे.

युरोपातले घर पोर्तुगीजांचे. लॅटिनमध्ये साचलेल्या पाण्याला ‘स्टॅग्नम’ म्हणत. त्यातून फ्रेंचांचा ‘एतां’, स्पॅनिशांचा ‘एस्तांके’ आणि पोर्तुगीजांचा ‘तांके’ आला. साचलेपणा दाखवणारा इंग्रजीतला ‘स्टॅग्नंट’ही त्याच कुळातला. वास्को द गामाच्या १४९८च्या सफरीचा जो रोजनिशीवजा वृत्तांत उपलब्ध आहे, त्यात कालिकतच्या एका देवळाजवळच्या घडीव दगडी तळ्याला ‘तांके’च म्हटले आहे. ही नोंद निर्णायक आहे. किनाऱ्यावर पाऊल टाकताच ज्या शब्दाने त्यांनी तळ्याचे वर्णन केले, तो शब्द ते घरून घेऊन आले होते. हिंदुस्थानात शिकलेला असणे शक्य नाही.

आता दुसरे घर. रॉबर्ट ड्रमंड यांनी १८०८ मध्ये गुजराती आणि मराठी शब्दांवर जे पुस्तक लिहिले, त्यात मराठीतले ‘टांका’ आणि गुजरातीतले ‘टांकू’ यांची नोंद आहे. दगड, वीट, चुना यांनी बांधलेले, बहुधा घराच्या आतले, वरून जवळजवळ बंद आणि घागर सोडण्यापुरते तोंड असलेले जलकोठार, असे त्याचे वर्णन ते करतात. अहमदाबादच्या पोळांमधल्या जुन्या घरांत चौकाखाली अशी टांकी आजही आहेत. राजस्थानात, पोर्तुगीजांच्या किनारी वस्त्यांपासून लांब असलेल्या बिकानेरकडे घरोघरी पावसाचे पाणी धरणारे टांके असतात, असे कर्नल टॉड यांनी लिहून ठेवले आहे. एच. एच. विल्सन यांच्या १८५५च्या महसुली शब्दकोशातही मराठी ‘टांके’ आहे आणि युरोपियन लोक ज्याला टँक म्हणतात ते हेच, असा निर्वाळा आहे. याच सुमाराला, १८५७ मध्ये, मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. ज्याला जुना मराठी शब्द पाहायचा त्याने तिच्याकडेच जायचे, ही आपली परंपरा मीही पाळली आहे.

इंग्रजांच्या कानावर शब्द कधी पडला? सर टॉमस रो हा जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्लंडचा वकील. त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा धर्मोपदेशक होता. इथले लोक तळ्यांना ‘टँक’ म्हणतात, असे टेरी लिहून गेला. हिंदुस्थानातल्या मुक्कामात रो आणि टेरी जहांगीराच्या छावणीबरोबर मांडूला होते, आणि जहांगीर मांडूला आला होता तो दख्खनच्या मोहिमेसाठी, म्हणजे निजामशाही आणि मलिक अंबर यांना वठणीवर आणण्यासाठी. १६१७ मध्ये तहाने नगरचा किल्ला शहाजादा खुर्रमच्या हाती गेला. इंग्रजी टँकची ही सुरुवातीची नोंद करणारा माणूस नगरवर चालून येणाऱ्या लष्कराच्या सावलीत राहिला होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरे.

मग खरे घर कोणते? या वादात मराठी वाचकाने अभिमानाने निकाल देऊ नये, असे मला वाटते. आपल्या भाषेत पाण्याच्या भांड्यांची नावे पाहा. बादली पोर्तुगीज आहे. पिंप पोर्तुगीज आहे. घमेलेही पोर्तुगीज. पाणी भरणे, वाहणे, साठवणे या व्यवहारात पोर्तुगीजांचे शब्द मराठीने मोकळेपणाने घेतले. आणि पोर्तुगीज नगरपासून दूरही नव्हते. चौल हे निजामशाहीचे बंदर, आणि तिथे पोर्तुगीजांची वस्ती. गार्सिया द ऑर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचारासाठी येत असे आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्या मैत्रीचा उल्लेख केला आहे. दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ नांदत असताना ‘तांके’ आणि ‘टांके’ एकमेकांना भेटले नसते तरच नवल. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने सकाळी गुजराती दलालाच्या तोंडून टांकू ऐकले असेल आणि संध्याकाळी पोर्तुगीज खलाशाच्या तोंडून तांके. त्याला दोन्ही एकच वाटले आणि त्याने एकच लिहिले. दोन वेगळ्या उगमांचे प्रवाह एका पात्रात आले, हाच माझ्या मते सरळ निर्णय आहे. यूल यांनी जिथे कोडे पाहिले, तिथे मला संगम दिसतो.

मराठी ‘टाके’ आले कुठून, हा प्रश्न तरीही उरतो. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. मराठीत तीच टाकी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण प्रत्येकाला पाठ आहे. टाकीने कातळ फोडून जे घडवले ते टाके, हा संबंध मला पटतो, कारण डोंगरातले टाके खरोखरच तसे घडते. ठोकून उमटवण्याच्या अर्थाने याच टंकातून टांकसाळ आली आणि आपल्या काळात टंकलेखन आले. गंमत अशी की मराठीत ‘टाकी’ म्हटले तर तीन वस्तू असू शकतात: पाथरवटाचे हत्यार, गडावरची अनेक टाकी आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. यातली गच्चीवरची टाकी जुन्या टाक्याची लेक आहे की इंग्रजी टँकची, हे वेगळे काढणे आता अवघड आहे. दोन्हींचा तिच्यावर हक्क आहे, असे मी धरून चाललो आहे.

एका मोहापासून मी दूर राहिलो, ते इथेच सांगतो. नगर जिल्ह्यात टाकळी नावाची गावे पुष्कळ आहेत. टाकळी ढोकेश्वर, टाकळीभान, टाकळी मानूर, टाकळी काझी. ही सगळी टाक्यावरून आली, असे सांगून टाळ्या घेता येतील. पण नुसता उच्चार जुळला म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. टाकळा नावाची रानभाजीही आपल्याकडे आहेच. या गावांना मी पुस्तकात हात लावलेला नाही.

शब्दापेक्षा वस्तू जुनी आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कान्हेरी, जुन्नर इथल्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आहेत आणि त्यांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी व्यापारी, कोणी गृहस्थ, कोणी भिक्षुणी पोढी दान देते आणि त्या दानाची नोंद कातळावर राहते. सह्याद्रीतला माणूस तेव्हापासून टाकी कोरतो आहे. नाव बदलले, कृती तीच राहिली. दान म्हणून जमीन द्यावी, धान्य द्यावे, तसे साठवलेले पाणी द्यावे, ही कल्पना ज्या समाजात इतकी जुनी आहे, त्याच्या भाषेत पाण्याच्या जागांना इतके शब्द असावेत यात आश्चर्य नाही. आड, विहीर, बारव, हौद, कुंड, पुष्करणी, तळे, तलाव, बंधारा, टाके. या प्रत्येकाचे काम वेगळे, बांधणी वेगळी. इंग्रजांनी यातल्या निम्म्या शब्दांना सरसकट टँक म्हटले. सरकारी कागदांसाठी ते सोयीचे होते, पण अनेक भेद त्यात बुजले, आणि ते पुन्हा उजेडात आणणे हे या पुस्तकाचे एक काम आहे.

टाके कसे असते ते हरिश्चंद्रगडावर पाहावे. दख्खनचा काळा बेसाल्ट घट्ट असतो. त्यात कोरलेल्या पोकळीतून पाणी फारसे झिरपत नाही, गिलाव्याची गरज पडत नाही. पाथरवट उताराची जागा हेरतो, तिथे पावसाचा ओघ आपोआप येईल असा. कातळ वरून खाली आणि मग आत कोरत जातो. पोट मोठे हवे असेल तर छत तोलायला मधे खांब सोडतो. ते खांबटाके. एकाला लागून दुसरे कोरले की पहिल्यात गाळ बसतो आणि दुसऱ्यात निवळ पाणी येते. छताखालचे पाणी उन्हाला दिसत नाही, म्हणून ते उन्हाळ्यातही टिकते आणि गार राहते. निघालेला दगड वाया जात नाही. तो वरच्या बांधकामाला लागतो. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराभोवती हे सारे एका आवारात दिसते: टाकी, पुष्करणी, आणि थोड्या अंतरावर केदारेश्वराची गुहा, जिथे कमरेइतक्या थंड पाण्यात शिवलिंग आहे आणि भोवतीच्या चार खांबांतला एकच शाबूत उरला आहे. शेजारच्या रतनगडावरही टाकी आहेत. त्याच्या पायथ्याशी रतनवाडीला अमृतेश्वराचे मंदिर आणि घडीव पुष्करणी आहे. प्रवरा तिथूनच निघते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याचे जे प्रकरण आहे, ते मी या पुस्तकाच्या कामात पुन्हा पुन्हा वाचले. आधी पाणी पाहा आणि मग किल्ला बांधा, असा त्यांचा आग्रह आहे. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर कातळ फोडून तळी, टाकी करा. आणि त्यापुढे एक फार बारकाईचे निरीक्षण आहे: एका झऱ्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, म्हणून राखीव पाण्याची दोनचार टाकी वेगळी ठेवा. तोफ आणि टाके यांचा संबंध मराठी राजनीतीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवला होता. पुढे दोनशे वर्षांनी एका तोफवाल्या यंत्राला टाक्याचे नाव मिळणार होते, हे अर्थातच कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

गडावरून खाली उतरून नगरकडे आले की पाण्याचा स्वभाव बदलतो. महाराष्ट्रातला हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त, चौदा तालुके. घाटघर-रतनवाडीला पावसाळा अंगावर कोसळतो आणि कर्जत-जामखेडला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. निजामशाहांनी शहर वसवले ते या कोरड्या बाजूला. म्हणून त्यांना पाण्याची विद्या शिकावीच लागली. आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणले गेले. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबक्ष महाल तर भर पाण्यात उभा केला, मोठ्या चौरस तळ्याच्या मधोमध.

आणि भातवडी. या पुस्तकात सर्वांत जास्त पाने भातवडीला दिली आहेत, कारण माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत विलक्षण जागा तीच आहे. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याने नगरजवळ भातवडीला मोठा तलाव बांधला. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांची जोडफौज निजामशाहीवर चालून आली, तेव्हा मलिक अंबरने या तलावाचा बांध फोडला. आधीच पावसाने भिजलेल्या वाटांवर तलावाचे पाणी पसरले. अवजड सरंजाम, तोफा, हत्ती, बाजारबुणगे घेऊन चालणारी फौज चिखलात रुतली. चपळ मराठी आणि हबशी स्वारांनी तिला रात्री-अपरात्री छापे घालून जेरीस आणले आणि मग समोरासमोर गाठून मोडले. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजे या लढाईत गाजले आणि त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. इंग्रजी अमदानीत हाच तलाव दुरुस्त करून सिंचनाला जोडला गेला आणि सरकारी दप्तरात त्याचे नाव पडले ‘भातोडी टँक’. ज्या पाण्याने एक सैन्य थोपवले, त्यालाच पुढे तो शब्द चिकटला जो नंतर सैन्याचा शब्द झाला.

हा बदल झाला कसा ते आता पाहू. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर खंदक, काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यामुळे दोन्ही बाजू जागच्या जागी खिळल्या होत्या. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी जमिनीवर चालणाऱ्या चिलखती जहाजाचा विचार करायला एक समिती नेमली. लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत यंत्र तयार होऊ लागले. त्याला ‘लँडशिप’ म्हटले तर गुपित फुटले असते. कारखान्यात दिसणारा तो भला मोठा पोलादी डबा कामगारांना पाणी वाहण्याचे साधन म्हणून सांगितला गेला होता. मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी, अशी हूल. १९१५च्या डिसेंबरात नाव ठरवताना हौद, साठवण, डबा अशा अर्थाचे दोनतीन इंग्रजी शब्द पुढे आले आणि त्यातून टँक निवडला गेला. आखूड, नेहमीचा, कोणाला संशय येणार नाही असा. आघाडीवर पाठवताना काही यंत्रांवर रशियन अक्षरांत ‘पेट्रोग्राडकडे, सांभाळून’ अशा अर्थाचा मजकूरही रंगवला होता. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्लेर-कूर्सलेतजवळ त्यांनी पहिला हल्ला केला. एकोणपन्नास यंत्रे आणली होती. त्यांतली बत्तीसच्या आसपास प्रत्यक्ष सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचली. बाकीची वाटेतच बंद पडली. टोपणनाव म्हणून दिलेला शब्द युद्ध संपल्यावरही सुटला नाही.

हे नाव निवडणाऱ्यांत लेफ्टनंट कर्नल अर्नेस्ट स्विंटन हे प्रमुख. त्यांचा जन्म १८६८ साली बंगळुरात झाला होता. ज्या शहरात प्रत्येक तळ्याला इंग्रज लोक टँक म्हणत, तिथे हा माणूस जन्मला, एवढेच मी नोंदवतो.

हिंदुस्थानातले मूळ अर्थ त्यामुळे लगेच मागे पडले नाहीत. मुंबईकर अजून सी. पी. टँकला उतरतो. गवालिया टँक मैदानात ८ ऑगस्ट १९४२च्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला, तेव्हा गुरे धुण्याचे ते तळे कधीच बुजले होते, नाव तेवढे उरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना पकडून खास गाडीने आणले ते नगरच्या किल्ल्यात. पंडित नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे. एका बुजलेल्या टँकापासून नगरपर्यंतची ती वाट या पुस्तकात एका छोट्या प्रकरणात आली आहे.

त्या वेळी नगर हे चिलखती दळाचे ठाणे झालेलेच होते. १९२०च्या दशकात ब्रिटिशांच्या रॉयल टँक कोअरचे शिक्षण इथे सुरू झाले. १९३८ पासून हिंदुस्थानी घोडदळाच्या पलटणींचे घोडे जाऊन त्यांच्याकडे यंत्रे येऊ लागली. स्वातंत्र्यानंतर आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच राहिले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांनी रणगाडा संग्रहालय उघडले. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे, माटिल्डा, चर्चिल आणि व्हॅलेंटाइन आहेत, जपानी रणगाडे आहेत, भारतात बनलेला विजयंता आहे. शाळेच्या सहलीतली मुले त्यांच्या तोफेवर हात ठेवून फोटो काढतात. मुलांना घेऊन येणाऱ्या शिक्षकांनी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांची हकिकत त्यांना जरूर सांगावी. पुण्यात जन्मलेले खेत्रपाल १९७१चे युद्ध पेटले तेव्हा नगरला तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात होते. इथून ते पूना हॉर्स या आपल्या पलटणीत गेले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, जळता रणगाडा सोडायला नकार देऊन, एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा तो सेंचुरियन रणगाडा नगरलाच जतन केला आहे.

याच संग्रहालयात पॅटन आहे. १९६५च्या सप्टेंबरात पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हा आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी उसाच्या शेतांत सोडले. पॅटन चिखलात मंदावले, रुतले, आणि उसात दबा धरून बसलेल्या आपल्या तोफखान्याने आणि रणगाड्यांनी त्यांना टिपले. भातवडीला त्याआधी तीनशे एक्केचाळीस वर्षे जे झाले होते, तेच इथे झाले. असल उत्तरच्या सेनानींनी मलिक अंबरचा धडा गिरवला असे मी म्हणत नाही. पाणी, चिखल आणि जड सरंजाम यांचे नाते जिथे तिथे तेच असते. पण नगरच्या माणसाने पॅटनसमोर उभे राहून भातवडी आठवावी, इतके तरी मागणे योग्य आहे.

आता तिसरा शब्द. टँकरबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण हा शब्द आमच्याकडे गावाची अवस्था सांगतो. ‘आमच्याकडे टँकर चालू झाला’ या वाक्यात आड आटला, हातपंप कोरडा पडला, मुली शाळेऐवजी रांगेत उभ्या राहिल्या, हे सारे आले. टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो, आणि मग तेच पाणी पोहऱ्याने पुन्हा वर ओढायचे. टाके आणि टँकर यांच्या रूपात एकच बीज असले तरी त्यांचा व्यवहार अगदी उलटा आहे. टाक्यात पाऊस जिथे पडला तिथेच थांबवला जातो. टँकरमध्ये दुसऱ्या गावचे पाणी डिझेल जाळून आणावे लागते.

याची दुसरी बाजूही याच जिल्ह्याने दाखवली. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी जे पाझर तलाव खोदले, त्यांनाही सरकारी इंग्रजीत ‘परकोलेशन टँक’च म्हणतात. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि हिवरे बाजारला पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात, बांध, चर, पाझर तलाव यांनी पाणी मुरवण्याचे काम झाले. हिवरे बाजारला दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, किती मुरले आणि कोणते पीक घ्यायचे ते ठरते, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. हा सगळा पारनेर-नगरचा कमी पावसाचा टापू आहे. ज्या अहिल्यादेवींचे नाव जिल्ह्याला मिळाले, त्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि त्यांची कीर्ती देशभर घाट, विहिरी, बारवा बांधण्याची. नाव घेतले की कामही घ्यावे लागते, असे मला मनापासून वाटते. जिल्ह्याच्या नव्या नावाचा मान बारवा उपसण्यात आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. प्रकरणे कालानुक्रमे नाहीत. जिथे सामग्री भरपूर होती, तिथे मी रेंगाळलो आहे. भातवडी, आज्ञापत्र आणि हरिश्चंद्रगड ही तीन प्रकरणे त्यामुळे लांबली. इंग्रजीत टँक शब्दाला पुढे फुटलेल्या फांद्या, मोटारीची इंधनटाकी, माशांची काचपेटी, विचारवंतांचा गट, या मी एका पानात आटोपल्या, कारण त्या आपल्या मातीत वाढल्या नाहीत. लष्करी यंत्रांच्या तांत्रिक तपशिलात मी शिरलो नाही. ज्यांनी जुनी टाकी दाखवली, ज्यांनी आपल्या बोलीतले शब्द सांगितले, त्या गुराख्यांचे, गडकऱ्यांच्या वंशजांचे, शिक्षकांचे आणि म्हाताऱ्या आयाबायांचे ऋण मोठे आहे.

वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या गावाच्या डोंगरावर, देवळामागे, जुन्या वाड्यात एखादे टाके, बारव किंवा आड असेल. त्याला गावात काही नाव असेल: देवाचे, माणसाचे, झाडाचे. ते नाव सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. त्यांच्याकडे जाऊन ते नाव त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोण उपसत असे, गाळ शेवटचा कधी काढला, तेही विचारा. शुद्धलेखनासाठी त्यात बदल करू नका. हे टिपण तालुक्याच्या ग्रंथालयात एका वहीत ठेवा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती नावे तालुकावार देता येतील.